फडकं कोण धुतं?

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. "यंदा अंकात घरातल्या अशा वस्तूंवर लेख हवेत, ज्या आपण रोज हाताळतो पण बघत नाही," त्या म्हणाल्या. मी सांडशी, उलथनं, अडकित्ता अशी दोन-चार नावं काढली. अडकित्ता आधीच कुणीतरी घेतला होता. तेवढ्यात चर्र झालं आणि करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन बर्नरवरून ओट्यावर, ओट्यावरून शेगडीखाली आणि तिथल्या फटीतून थेट खालच्या ट्रॉलीत उतरलं होतं. फोन कानाला तसाच धरून मी भिंतीवरच्या रोलचे कागद ओढायला लागलो. पाच, सहा, सात. पलीकडे फर्र फर्र ऐकू गेलं असावं.

"काय चाललंय?"

"पुसतोय."

"मग त्यावरच लिहा."

सात कागदांचा भिजका गोळा डब्यात गेला, तरी ओटा चिकटच. शेवटी सिंकच्या नळावर टाकलेलं फडकं घेतलं, ओलं करून पिळलं, दोनदा फिरवलं आणि काम झालं. फडकं पुन्हा नळावर टाकून मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ होऊन, चौकोनी घडी होऊन ओट्यावर बसलेलं होतं. ते तसं कसं होतं, हा प्रश्न मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पडला.

पातळ ते पोतेरं

मिरजेला आजीच्या घरी कापडाची चढती कमान नसे, उतरतीच असे. नवं पातळ सणाला, मग बाहेर नेसायला, मग घरात. मध्ये विरलं की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे. त्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलंही फाटलं की त्याची दुपटी व्हायची, गोधडीचे पदर व्हायचे. त्यातून उरलेल्याची फडकी. फडक्यांतही जातपात होती. पोळ्यांच्या डब्यातलं वेगळं, ताटं पुसायचं वेगळं. चुलीवरचं भांडं उतरवायला आणि चुलीभोवती पुसायला मसोतं. त्याच्याही खाली पोतेरं. शेणाच्या काल्यात बुडवून चूल आणि जमीन सारवायचं. एखाद्याच्या आयुष्याचं पोतेरं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा कापडाचा हा सगळा प्रवास त्या एका शब्दात असतो. पोतेऱ्याच्या खाली काही नाही. वाळवून चुलीत घातलं की संपलं.

पुसण्याचे नियमही कडक होते. जेवणाच्या पंगतीत शितं सांडली ती जागा खरकटी. तिथं नुसतं पाणी फिरवून भागत नसे. शेणगोळा फिरवावा लागे. सोवळ्यातली फडकी उंच दोरीवर, काठीनं वाळत घातलेली. आम्हा पोरांचा हात लागला की आजी ओरडायची आणि ते बिचारं परत भिजायचं. यात जंतूंचा विचार किती आणि विटाळाचा किती, हा वाद मी आजीशी घालू शकलो नाही. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती: जमीन पुसलेलं कापड ताटाला लागता कामा नये.

ही उतरंड मोडली ती आधी कपाटात. आजीची पातळं सुती होती. आईच्या पिढीत नायलॉन आलं, टेरिकॉट आलं, न चुरगळणाऱ्या साड्या आल्या. माझ्या बायकोच्या जुन्या कपड्यांच्या बोचक्यात फडकं करण्याजोगं म्हणजे पाणी टिपणारं कापड शोधावं लागतं. पॉलिस्टरच्या जुन्या गाऊननं ओटा पुसून बघा. पाणी इकडून तिकडे सरकतं, जागा सोडत नाही. पूर्वी बोहारीण दारात बसून घासाघीस करायची, पाच साड्यांना एक पातेलं, आणि आई मात्र एखादी मऊ सुती साडी पाठीमागे लपवून ठेवायची. "ही नको, ही फडक्यांना," म्हणायची. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पाश्चात्त्य सवयींमुळे कागदाचा रोल आपल्या ओट्यावर आला असं म्हणणारे म्हणोत. मला वाटतं, सुती पातळ गेलं म्हणून तो आला.

खरवडलेला कागद

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये असे रोल तयार होतात. खरं तर तयार होत नाहीत, नुसते बेतले जातात. कागद येतो गिरणीतून, 'जंबो' नावाच्या अवाढव्य वेटोळ्यांत. आडवा ठेवला तरी माझ्या छातीला लागेल एवढा एकेक. दोन जंबो शेजारी चढवतात, दोघांचे कागद एकावर एक येतात, तो झाला दोन पदरी. मग नक्षीच्या रुळांमधून जाताना त्यावर टिकल्या उठतात. ही नक्षी शोभेची नव्हे. टिकलीमुळे दोन पदरांमध्ये पोकळी राहते आणि पाणी तिथं साठतं. पुढे दातेरी पातं ठरावीक अंतरावर भोकांची ओळ पाडतं आणि कागद पुठ्ठ्याच्या लांब नळीवर गुंडाळला जातो. त्या लांबलचक गुंडाळीचे करवतीनं तुकडे पाडले की दुकानात दिसतो तो रोल.

शेडमध्ये सगळीकडे पांढरा भुरका होता: यंत्रावर, टेबलावरच्या गणपतीवर, कामगारांच्या भुवयांवर. स्वच्छतेची वस्तू बनते ती जागा दर तासाला हवेच्या नळीनं झटकावी लागते. मालक म्हणाले, "आमच्याकडे पुसायला काय वापरतो विचाराल तर बनियनचं वेस्ट." आणि खरंच, यंत्राच्या वंगणाचे डाग पुसायला कोपऱ्यात किलोवर घेतलेल्या पांढऱ्या होजिअरीच्या चिंध्यांचं पोतं होतं.

कागद पाणी का पितो, हे त्यांनी मला भिंग देऊन दाखवलं. साध्या वहीचा कागद सपाट दिसतो. हा कागद मात्र बारीक सुरकुत्यांनी भरलेला होता. गिरणीत तो वाफेनं तापलेल्या एका प्रचंड गुळगुळीत पिंपाला चिकटून वाळतो आणि एक लांब पातं त्याला पिंपावरून खरवडून काढतं. बासुंदीच्या कढईची साय उलथन्यानं खरवडली की ती जशी चुण्या पडून गोळा होते, तसंच. त्या चुण्यांमध्ये आणि तंतूंमध्ये ज्या बारीक फटी राहतात, त्यांतून पाणी आपोआप वर चढतं, निरांजनात वातीतून तूप चढतं तसं. तंतू असतात लाकडाच्या लगद्याचे, म्हणजे सेल्युलोजचे. कापूसही जवळजवळ सगळा सेल्युलोजच. म्हणजे आजीचं पातळ आणि माझा रोल मुळात एकाच गोत्रातले. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते, पॉलिस्टरला नाही. मग पॉलिस्टरपासूनच केलेलं मायक्रोफायबरचं फडकं कसं टिपतं? तिथं धागा इतका बारीक चिरलेला असतो की सगळं काम फटीच करतात.

मालकांनी दुसरा प्रयोग दाखवला. एका पेल्यात टॉयलेट पेपरचा तुकडा, दुसऱ्यात किचन रोलचा, आणि चमच्यानं ढवळणं. पहिला मिनिटभरात विरघळल्यासारखा झाला. दुसरा तसाच्या तसा, काढून पिळला तरी धड. किचन रोलच्या लगद्यात ओलेपणी बळ टिकवणारं राळेच्या जातीचं द्रव्य घातलेलं असतं. म्हणूनच हा कागद संडासात टाकू नये. तो विरत नाही, तुंबतो. आणि म्हणूनच आमच्या पुण्यात काही घरी किचन रोलचे कागद धुवून, चिमटा लावून वाळत घातलेले दिसतात. मी हसलो होतो. नंतर करून पाहिलं. दोनदा चालतो.

या कागदाच्या जन्माची कथा अमेरिकेत सांगतात ती अशी. १९०७ साली फिलाडेल्फियाच्या स्कॉट पेपर कंपनीकडे रेल्वेचा डबाभर कागद आला तो टॉयलेट पेपरसाठी फार जाड निघाला. परत पाठवायच्या बेतात असताना आर्थर स्कॉट यांना एका शिक्षिकेची आठवण झाली. तिच्या वर्गातली सर्दी झालेली मुलं सगळ्यांच्या एकाच टॉवेलला हात पुसत, म्हणून ती त्यांना मऊ कागदाचे तुकडे देत असे. स्कॉटनी त्या जाड कागदाला भोकांच्या ओळी पाडल्या आणि हात पुसायचा कागद म्हणून विकला. दंतकथेचा भाग वगळला तरी यातली खरी गोष्ट उरतेच: हा कागद आधी सार्वजनिक ठिकाणी आला, दुसऱ्याच्या ओल्या टॉवेलच्या किळसेतून. स्वयंपाकघरासाठी रोलच्या रूपात तो विकायला लागले १९३१ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाव शतकानं. घरातल्या टॉवेलची किळस यायला तिथंही वेळच लागला.

चकलीचा घाणा

दिवाळीच्या तोंडावर कोथरूडमधल्या एका फराळवाल्या काकूंकडे सकाळी सातला जाऊन बसलो. तळमजल्याच्या दोन खोल्या, दोन मोठ्या कढया, चार बायका, सोऱ्याची करकर. कागदाचा खरा उपयोग कुठे असेल तर तळणात, असं मी मनाशी धरून गेलो होतो.

"कागदावर थेट काढायचं नाही," काकूंनी पहिल्याच घाण्याला मला गप्प केलं. चकल्या आधी झाऱ्यात, कढईवरच धरून निथळतात. मग चाळणीत उभ्या लावतात, कडेवर. शेवटी कागद. एकदम कागदावर ओतल्या तर खालच्या बाजूला वाफ धरते आणि चकली सादळते. यामागचं शास्त्रही त्यांच्याच बाजूनं आहे. तळताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर ढकललं जात असतं, तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. कढईतून बाहेर काढल्यावर पदार्थ गार होतो, आतली वाफ आटते आणि त्या ओढीनं अंगावरचं तेल आत खेचलं जातं. बरंचसं तेल चकली पिते ती कढईबाहेर. म्हणजे टिपायचं तर गरम असताना, पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत. गार झालेल्या भज्यावर कागद दाबून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मी त्यांतलाच होतो.

पूर्वी इथं रद्दीच असायची. काकूंच्या सासूबाईंच्या काळात अनारशांवर शेअरबाजाराचे भाव उमटायचे, असं त्या सांगतात. २०१६ च्या डिसेंबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका अशी सूचना काढली, २०१८ च्या वेष्टनांच्या नियमांत त्याला बंदी आली, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये प्राधिकरणाला पुन्हा तेच सांगावं लागलं. या वेळी तळलेल्या पदार्थाचं तेल टिपायलाही वर्तमानपत्र नको, असं स्पष्ट म्हटलं. कारण शाई: तिच्यात शिसं आणि इतर द्रव्यं असतात आणि गरम तेल ती उचलतं. काकूंच्या कोपऱ्यावरचा वडापाव मात्र अजून बातम्यांसकट मिळतो.

साडेआठच्या सुमारास तेलाचा पाच लिटरचा डबा कोपराचा धक्का लागून आडवा झाला. नवी मुलगी रोलकडे धावली. "कागद नको, पीठ आण!" काकू ओरडल्या. जाड दळलेलं ज्वारीचं पीठ परातभर आलं, कडेनं बांध घातल्यासारखं पसरलं, मग मध्ये. पाच मिनिटांत ते तेल पिऊन ओल्या वाळूसारखं झालं. सुपलीत भरलं, वर गरम पाण्याचा आणि साबणाचा हात फिरला. घसरडं राहू नये म्हणून शेवटी आणखी मूठभर कोरडं पीठ. एवढ्या तेलाला अख्खा रोल लागला असता, आणि तरी फरशीवर पातळ थर राहिलाच असता.

मग कागद कुठे? दोन ठिकाणी. एक तो चकलीखाली. दुसरं, कढई घासायला टाकण्याआधी ती आतून कोरड्या कागदानं पुसतात. तूप-तेल गरम पाण्याबरोबर मोरीत जातं आणि पुढे पाइपात थिजतं. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी मोरी तुंबते आणि प्लंबर मिळत नाही. पूर्वी हे काम चुलीची राख करायची. कागद कोरडा हवा, ओला नाही. एकदा पाणी प्यालेला कागद तेल नीट घेत नाही.

मी केलेली मोजदाद

घरी येऊन ओट्यावर एक वाटी पाणी सांडलं. मुद्दाम, त्यामुळे कुणी ओरडलं नाही. नऊ कागद लागले. साठ कागदांचा रोल, तेव्हा किमतीचा हिशेब दहा-बारा रुपयांवर गेला. एका जुन्या पंच्यानं तेच पाणी एका दमात घेतलं आणि त्याला आणखी पिता आलं असतं. दूध, आमटी, ताक यांच्यासाठी कागद वापरणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. पण फुटलेलं अंडं, मासे साफ केल्यानंतरचा ओटा, चिकनचं रक्त, मांजरीनं केलेली घाण, इथं मी कागदाच्या बाजूनं आहे. ते पुसलेलं फडकं परत पोळीच्या डब्याशेजारी यायला नको.

मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेले स्वयंपाकघरातले शंभर टॉवेल तपासले आणि त्यांतल्या एकोणपन्नासांवर जंतूंची वाढ सापडली, असं २०१८ मध्ये मांडलं. एकाच टॉवेलनं भांडी, हात, ओटा सगळं पुसलं जात होतं तिथं, आणि जे ओले राहत होते त्यांत, प्रमाण जास्त होतं. आजीचं वेगळं फडकं आणि उंच दोरी आठवली.

कागद फेकल्यावर कुठे जातो, हे सोसायटीच्या मागच्या बाजूला कळलं. आमच्याकडे कचरा घ्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बाई येतात. त्यांनी माझा बाजूला ठेवलेला कागदांचा गठ्ठा, जो मी शहाणपणानं रद्दीच्या पिशवीत घातला होता, चिमटीत धरून ओल्या कचऱ्यात टाकला. "ह्याला कोण घेत नाही. वर चांगली रद्दी ओली करतो." तेलाच्या, अन्नाच्या कागदाची पुन्हा कागद होण्याची शक्यता नाही. खताच्या खड्ड्यात मात्र तो चालतो; भाजीच्या ओल्या सालींना कोरडा माल लागतोच. फिनेल पुसलेला तेवढा खड्ड्यात नको. त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. फुटलेला पेला लोक ह्याच मऊ कागदात गुंडाळून टाकतात. त्यांनी अंगठा दाखवला. काच असेल तर जाड वर्तमानपत्रात बांधा आणि वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. रद्दीचा एवढा उपयोग अजून शिल्लक आहे.

धुणं, भांडी, फरशी

सगळं बघून झाल्यावर ओट्यावरच्या चौकोनी घडीकडे आलो. ती करतात आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी. साडेदहाला येतात, आमच्या इमारतीत त्यांची पाच घरं.

"मावशी, फडकी कशी धुता?" विचारल्यावर त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. काही चुकलं का, अशा नजरेनं. मग सांगितलं. भांडी झाली की उरलेल्या गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा, त्यात फडकी बुडवून ठेवायची. तोवर ओटा. मग ब्रश, दोन पाणी, आणि गॅलरीत. हळद लागलेल्या फडक्याला साबण लावला की ते लाल होतं. मी घाबरून ते फेकलं असतं. "ऊन लागलं की जातं ते, दादा." आणि जातं. हळदीतला पिवळा रंग साबण-सोड्यात लाल होतो, आणि उन्हात तो टिकत नाही. मावशींना रसायन माहीत नाही, पण गॅलरीत ऊन कुठल्या कोपऱ्यात किती वाजता येतं ते माहीत आहे. फडकी त्याच कोपऱ्यात असतात.

"मशीनमध्ये का टाकत नाही?"

"ताई नको म्हणतात. कपड्यांत फडकी कशी घालायची?" पाचही घरी हेच उत्तर आहे. फडकी हातानंच धुवायची.

"मग हे कशात धरता? भांड्यांत की धुण्यात?"

त्या हसल्या. पुण्यात घरकामाचा दर कामावार ठरतो: भांडी एवढे, केर-फरशी एवढे, धुणं एवढे. माणसं वाढली, भांडी वाढली, तर बोलणी होतात. १९८० साली याच शहरात मोलकरणींनी काम बंद ठेवून पगारवाढ मागितली होती. २००८ मध्ये राज्यानं घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला. पण फडक्यांचा रकाना कुठेच नाही. "भांड्याच्या घरी म्हणतात ते धुण्यातलं," मावशी म्हणाल्या, "आणि धुण्याच्या घरी म्हणतात भांड्यातलं. म्हणजे कशातच नाही. धुते मी."

त्यांच्या स्वतःच्या घरी रोल नाही. नवऱ्याचे जुने टी-शर्ट फाडून फडकी करतात, त्यातल्या त्यात सुती बघून. मी एका कागदाचा हिशेब सांगितल्यावर त्यांनी नऊ कागदांच्या चिखलाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कागद वापरता तेव्हा मला बरं पडतं बघा. एक फडकं कमी."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कागद महाग की कापड, कागद वाईट की कापड, असा हिशेब मी महिनाभर करत होतो, आणि त्यात कापडाच्या बाजूला पाणी, साबण, ऊन सगळं मांडलं होतं. हात मांडले नव्हते. फडकं मला स्वस्त वाटत होतं, कारण ते फुकट धुतलं जात होतं.

आता ओट्यावर तीन फडकी आहेत, तिन्ही वेगळ्या रंगांची: ताटांना पांढरं, ओट्याला निळं, शेगडीला भुरकट, म्हणजे मसोतंच. रोल भिंतीवर आहे, अंडी, मासे आणि तळणापुरता. रविवारी मावशींची सुट्टी असते, तेव्हा फडकी मी धुतो. पहिल्या रविवारी सोडा जास्त पडला आणि बोटांची सालं गेली. बाकीच्या दिवसांचे वेगळे पैसे धरा म्हटल्यावर मावशींनी जरा विचार करून आकडा सांगितला. महिन्याला दीडशे रुपये. दोन रोलचं पाकीट मी त्याच आठवड्यात आणलं होतं. तेही जवळपास तेवढ्यालाच पडलं.